चुलीचं धुराडं घरच्या घरी कसं साफ करायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आमच्याकडे सोलापुरात कडक भाकरीचं काम आहे. सकाळी साडेपाचला चूल पेटते ती साडेदहा-अकरापर्यंत चालूच, मी, सासूबाई आणि शेजारच्या अक्का अशा तिघी असतो, संक्रांतीला गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत तर दुपारचे दोन वाजतात. परसात पत्र्याचं शेड आहे, त्यात चूल, बाजूला वैल (चुलीच्याच आचेवर चालणारं दुसरं तोंड), आणि मागून वर गेलेला ४ इंची पाइप. तेच आमचं धुराडं.

पहिली दोन वर्षं त्या पाइपला कुणीच हात लावला नाही, हात लावायचा असतो हेच माहीत नव्हतं. शेडमध्ये धूर कोंडला की सगळे म्हणायचे, चूल म्हटल्यावर धूर येणारच की ओ. सासूबाईंचे डोळे सतत लाल, रात्री खोकला, त्या पदरानं डोळे पुसत भाकरी थापायच्या आणि आम्हाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही. मग एका डिसेंबरात सकाळी चूल पेटवली तर सगळाच्या सगळा धूर चुलीच्या तोंडातून बाहेर, वर एक रेघसुद्धा जाईना. चूल विझवून, थंड करून पाइप उतरवला. आत काळी, काचेसारखी चकाकणारी खपली, अंगठ्यानं दाबली तरी हलेना, ४ इंचातली जेमतेम दीड इंच वाट शिल्लक, आणि वरच्या टोकाला साळुंकीचं जुनं घरटं, त्यात काड्या, चिंध्या, एक प्लास्टिकची पिशवीपण. त्या दिवशी मला लई वाईट वाटलं. दोन वर्षं सासूबाईंनी जो धूर खाल्ला तो खायची काहीच गरज नव्हती.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. धुराडं नीट असलं तर चुलीपाशी धूर राहायलाच नको, राहतोय म्हणजे कुठंतरी अडलंय असं समजा आणि शोधायला लागा.

१. आधी आपलं धुराडं कसलं आहे ते बघा

ब्रश आणायच्या आधी हे बघायचं, कारण प्रत्येकाची पद्धत वेगळी.

लोखंडी किंवा स्टीलचा पाइप असेल तर काम सोपं, तुकडे सुटे करता येतात. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्त चढवलेला पांढरा पाइप असेल तर चुलीला लागून जो पहिला तुकडा असतो तो बदलून साध्या काळ्या लोखंडाचा किंवा स्टेनलेस स्टीलचा बसवा. जस्त ४१९ अंशाला वितळतं, जास्त तापलं की त्याची वाफ निघते आणि ती छातीला वाईट. आम्हाला मिस्त्रीनं खालपासून वरपर्यंत तोच पाइप लावून दिला होता, स्वस्त पडतो म्हणून.

विटांचं धुराडं असेल तर आतला गिलावा निघालाय का, फट पडलीय का हे टॉर्चनं बघा. बाहेरच्या भिंतीवर काळा डाग उमटला असेल तर आत बहुधा फट आहे.

सिमेंटचा करडा पाइप असेल तर थांबा, इथं घाई करू नका. १९८३ ला केंद्र सरकारची सुधारित चुलींची योजना आली, त्यानंतर गावोगावी बिनधुराच्या चुली बसल्या आणि त्यांना सर्रास असले पाइप लावले. त्यात बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असतं. त्याचे बारीक तंतू श्वासातून आत गेले की फुफ्फुसात राहतात आणि त्यानं पुढं कॅन्सरसुद्धा होतो. असला पाइप करवतीनं कापायचा नाही, तारेच्या ब्रशनं कोरडा खरवडायचा नाही, फोडायचा तर अजिबात नाही. माझं स्पष्ट मत, तो ओला करून आख्खाच्या आख्खा उतरवा आणि त्या जागी लोखंडी बसवा. खर्च होतो, पण एकदाच.

भाड्याचं घर असेल तर काहीही उतरवायच्या आधी मालकाला सांगा, नंतर पत्रा गळाला की वाद नको.

२. काजळी कुठली आहे ते ओळखायला शिका

लाकूड जळताना जो धूर निघतो त्यात न जळलेलं डांबरासारखं तेल आणि पाण्याची वाफ असते. वर जाता जाता पाइपच्या थंड अंगाला धूर लागला, साधारण १२० अंशांच्या खाली उतरला, की ते सगळं आतून चिकटतं. त्याला क्रिओसोट म्हणतात, आपण सगळ्यालाच काजळी म्हणतो पण त्यात तीन प्रकार आहेत.

पहिली भुरभुरीत, काजळासारखी, बोट फिरवलं की निघते. ही ब्रशनं पंधरा मिनिटांत साफ.

दुसरी खपल्यांची, पापडासारखी कुरकुरीत. ही पण निघते, जोर लावावा लागतो.

तिसरी चकाकणारी, गुळाच्या पाकासारखी वाळलेली, आमच्या पाइपात होती ती. ही ब्रशनं निघत नाही, ठोकून काढायला गेलं तर पाइप चेपतो. पत्र्याचा पाइप असेल तर तेवढा तुकडा बदलणंच परवडतं. आणि ही सगळ्यात जास्त पेटते, म्हणून ही दिसली की त्या दिवसापासून चूल बंद, एक दिवससुद्धा पुढं ढकलू नका.

किती जाड झाली की काढायची? ३ मिलिमीटर. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्यावर साधारण तेवढी होतात. आणि जाड नसली तरी वर्षातून एकदा तरी साफ करायचीच.

३. सामान

ब्रश सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच लवकर मिळत नाही. मी हार्डवेअरच्या चार दुकानांत ‘धुराड्याचा ब्रश’ विचारत फिरले, सगळे माझ्याकडं बघत बसले. शेवटी एकानं सांगितलं, ताई, डाइंगवाले (सूत रंगवणारे कारखाने) बॉयलरच्या ट्यूबा साफ करायला गोल तारेचा ब्रश नेतात, तसला बघा. तेच नाव घेऊन मागा. ट्यूबेचे ब्रश लहान असतात, ४ किंवा ६ इंची सांगून मागवावा लागतो. आपल्या पाइपच्या आतल्या मापाचाच घ्यायचा, बारीक घेतला तर नुसता फिरतो, काही निघत नाही. पाइप स्टेनलेसचा असेल तर लोखंडी तारेचा नको, नायलॉनचा घ्या, ओरखडे पडले की काजळी आणखी धरते.

बाकी असं: ब्रशला जोडायला दांडे किंवा सरळ लांब बांबू, जाड दोरी, चपटी पत्री, उलथनं, लोखंडी घमेलं, झाकणाचा पत्र्याचा डबा, गोणपाट, टॉर्च, छोटा आरसा, एन-९५ मास्क, चष्मा, रबरी हातमोजे, डोक्याला बांधायला फडकं. जुन्या फाटक्या चादरी लागतात, त्या सोलापुरात कुणाच्या घरात नाहीत असं होत नाही.

मास्कच्या जागी नुसता रुमाल बांधू नका, काजळी रुमालातून आरपार जाते. आणि काम झाल्यावर अंघोळ करायचीच. १७७५ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जननं दाखवून दिलं होतं की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढं जो कॅन्सर होतो तो अंगावर साचून राहिलेल्या काजळीमुळं होतो. अडीचशे वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आहे, आपण तरी हात न धुता चहाला बसू नये.

४. कधी करायचं

घरापुरता स्वयंपाक चुलीवर असेल तर वर्षातून दोनदा पुरतं. मे अखेरीला, पावसाच्या आधी, कारण काजळी ओली झाली की तिचं आंबट पाणी पाइप खातं. आणि दिवाळीनंतर एकदा, थंडीत चूल जास्त चालते म्हणून. आमच्यासारखं रोज पाच-साडेपाच तासांचं काम असेल तर मी दीड महिन्यानं करते, आणि दर पंधरा दिवसांनी पाइपच्या तळाचं झाकण काढून टॉर्चनं नुसतं बघते.

उन्हाळ्यात करायचं असेल तर सकाळी सहाला सुरू करून आठला खाली उतरा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, नऊनंतर पत्र्यावर हात टेकवत नाही. वारा सुटलेला असेल तर त्या दिवशी नको, आणि पाऊस पडून गेल्यावर निसरड्या पत्र्यावर तर नकोच.

५. साफसफाई

आदल्या दिवशी दुपारी चूल विझवा, रात्रभर थंड होऊ द्या. राखेखाली निखारा लई वेळ जिवंत राहतो, वरून हात लावून थंड वाटलं म्हणून फसू नका. राख लोखंडी घमेल्यातच काढा.

पिठाचे डबे, भाकरीच्या टोपल्या, चटणीच्या बरण्या, सगळं शेडच्या बाहेर न्या. झाकून ठेवतो, काय होतंय, असं मी पहिल्यांदा म्हटलं होतं आणि त्या दिवशीच्या ऑर्डरच्या दीडशे भाकऱ्या टाकून द्याव्या लागल्या, काजळी टोपलीवरच्या कापडाखाली कशी गेली ते आजपर्यंत कळलं नाही. न हलणाऱ्या वस्तूंवर चादरी टाका. चुलीचं तोंड आणि वैलाचं भोक ओल्या गोणपाटानं गच्च बंद करा, पंखा बंद, एक्झॉस्ट बंद.

आता वर चढायचं की नाही. पत्रा सिमेंटचा असेल तर त्यावर पाय ठेवू नका, तो वरून धड दिसतो आणि पायाखाली फुटतो, माणूस सरळ खाली येतो. जिथं जमेल तिथं खालूनच करा, किंवा शिडीवर उभं राहून पाइपचे तुकडे सुटे करून अंगणात आणा. मी तसंच करते. चढायचंच असेल तर फळी टाकून, कमरेला दोरी बांधून, आणि खाली एक माणूस उभा पाहिजेच.

तुकडे सोडवताना प्रत्येकावर खडूनं नंबर आणि वरच्या बाजूला बाण काढून ठेवा. अंगणात आणून चादरीवर आडवे ठेवा. ब्रश एका तोंडातून घालून दुसऱ्या तोंडातून पूर्ण बाहेर काढायचा, मगच मागं ओढायचा. मधेच उलटा ओढला की तारा दुमडतात आणि ब्रश अडकतो, मग ना पुढं ना मागं. आठ-दहा फेऱ्या होतात. सुरुवातीला आवाज दबका, भरलेल्या पोत्यावर घासल्यासारखा येतो, साफ होत आलं की पत्र्याची कोरडी खरखर ऐकू यायला लागते, कान तिकडं ठेवा. मग पाइप उजेडाकडं धरून बघा, आतलं अंग करडं दिसलं पाहिजे, काळं चकाकलं नाही पाहिजे.

पाइप उतरवता येत नसेल तर बांबूला ब्रश बांधून खालच्या झाकणातून वर घालायचा, पद्धत तीच. झाकणाशी आरसा तिरपा धरून वर बघितलं की आभाळाचा गोल तुकडा दिसतो. तो पूर्ण गोल दिसला तर वाट मोकळी, एका बाजूनं चावल्यासारखा दिसला तर तिथं काहीतरी आहे.

यानंतर चुलीच्या आतला भाग. चुलीतून वैलाकडं आणि वैलाकडून पाइपकडं जो आडवा बोगदा जातो तो निम्मे लोक विसरतात. पाइप लखलखीत करतात आणि धूर येतच राहतो, कारण राख इथं साचलेली असते. हात कोपरापर्यंत आत घालून, उलथन्यानं ओढून ओढून राख काढा. आमच्याकडं पहिल्या वेळी दोन घमेली निघाली होती. बोगद्याचा मातीचा लेप फुटला असेल तर माती, शेण आणि भुसा कालवून लिंपून घ्या, दोन दिवस वाळू द्या.

निघालेली राख झाकणाच्या डब्यात तीन-चार दिवस ठेवून मगच टाका. कुणीतरी कोमट राख घंटागाडीत टाकतं आणि गाडीतला कचरा पेटतो, असं होऊ देऊ नका. नुसती पांढरी राख भांडी घासायला चालते, काजळी मिसळलेली नको.

६. जोडताना

पाइपचे तुकडे एकात एक बसतात, त्यात बारीक तोंड खालच्या बाजूला यायला पाहिजे, म्हणजे वरच्या तुकड्याचं टोक खालच्याच्या आत. मिस्त्री बऱ्याचदा उलटं लावतात, त्यांना वाटतं असं लावल्यानं धूर बाहेर येणार नाही. पण आत जे काळं पाणी ओघळतं ते उलट्या सांध्यातून बाहेर गळतं आणि भिंतीवर, पत्र्यावर ओघळ पडतात. तुमच्याकडं असे ओघळ असतील तर सांधे उलटे असायची शक्यता जास्त. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू मारा.

वासे किंवा लाकडी फळ्या पाइपपासून दीड फूट तरी लांब पाहिजेत. लाकूड रोज तापून तापून कोरडं होतं आणि वर्षांनी एक दिवस पेटतं, जुन्या वाड्यांत हे नक्की बघा.

उंची: पत्र्यातून बाहेर आल्यावर निदान ३ फूट वर, आणि आजूबाजूच्या १० फुटांत जे काही उंच असेल, पाण्याची टाकी, शेजाऱ्याची भिंत, त्याच्यापेक्षा २ फूट वर. पेठांमध्ये घरं एकाला एक चिकटून, शेजाऱ्यानं मजला चढवला की आपलं धुराडं त्याच्यापुढं बुटकं पडतं आणि वारा धूर परत आत ढकलतो. वळण लागलंच तर काटकोनात नको, तिरकं घ्या.

पाइपच्या वरच्या टोपीच्या खाली जाळी लावा, अर्ध्या इंचाच्या भोकाची. त्यापेक्षा बारीक लावली तर काजळीनं महिन्यात बंद होते, मोठी लावली तर पाखरं आत जातात. घरट्यात पिल्लं दिसली तर उडून जाईपर्यंत थांबा, तेवढे दिवस चूल बाहेर मांडा. गांधीलमाश्यांचं पोळंपण होतं टोपीत, चढायच्या आधी खालून दोन मिनिटं नीट बघा.

७. परत पेटवायच्या आधी

उदबत्ती लावून चुलीच्या तोंडाशी धरा. धूर आत ओढला गेला की झालं. बाहेर आला तर पाइपात थंड हवा बसलीय, खालच्या झाकणाशी कागदाचा बोळा पेटवून पाइप जरा गरम करा, मग ओढ लागते. तरीही नाही लागली तर परत बोगदा बघा.

एक्झॉस्ट फॅनचा घोळ लक्षात ठेवा. शेड बंद आणि फॅन चालू असला की फॅनला हवा कुठून तरी पाहिजे, मग तो धुराड्यातूनच उलटी ओढतो. आम्ही धूर होतो म्हणून मोठा फॅन बसवला आणि धूर वाढला, महिनाभर कारण कळेना. खिडकी किंवा दार उघडं पाहिजेच.

आणि निखारे धुमसत ठेवून थंडीत तिथंच झोपायचं नाही, दार लावून तर नाहीच. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, असं झालं तर चूल विझवून सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या आणि १०८ ला फोन करा.

८. जळण

यावर मी तासभर बोलू शकते, कारण काजळी धुराड्यात दिसते पण होते जळणामुळं.

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. ते २० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय चुलीत घालायचं नाही. आपल्याकडचं ऊन कडक, फोडून, हवा खेळेल असं रचून ठेवलं तर एक पूर्ण उन्हाळा पुरतो, पण आख्खा ओंडका ठेवला तर वर्षभर आत ओला राहतो. ओळखायचं कसं, तर दोन फाटी एकमेकांवर आपटा. वाळलेलं टण् वाजतं, ओलं थप् करतं. टोकाला चिरा पडलेल्या असतात, साल सुटलेली असते.

बाभूळ आणि वेडी बाभूळ चांगली, आच टिकते. तुराट्या पेटवायला उत्तम पण भरकन जळतात, नुसत्या तुराट्यांवर भाकरी करपते. कण्हेर जाळू नका, तिचा धूर विषारी. रंगवलेली फळी, प्लायवूड, प्लास्टिक नको. आणि सोलापूरच्या पूर्व भागात कापडाच्या कारखान्यातल्या चिंध्या आणि सुताचा वेस्ट फुकट मिळतो म्हणून चुलीत घालतात, त्यात पॉलिस्टर असतं, त्याचा चिकट धूर पाइपात बसतो आणि आपल्या छातीतपण. नका घालू.

आता कडक भाकरीवाल्यांसाठी खास. भाकरी कडक करायला शेवटी मंद आच लागते, आणि आपण काय करतो, तर चुलीत मोठं लाकूड घालून तोंड झाकतो आणि ते धुमसत ठेवतो. सगळ्यात घाण काजळी त्या धुमसण्यानं होते, हवा कमी, धूर थंड, वर जाऊन सगळा चिकटतो. आमचा पाइप दोन वर्षांत बंद झाला तो ह्यानंच. आता आम्ही सुरुवातीला चांगली जोरात आच करून थापलेल्या भाकरी भाजून घेतो, तोवर निखारे पडतात, आणि मग नवीन लाकूड न घालता त्या निखाऱ्यावर कडक करतो. आच एकसारखी मिळते, भाकरीला धुराचा वास लागत नाही. जळणसुद्धा कमी लागायला लागलं, हे सासूबाईंनी पहिल्यांदा हेरलं, मोळी दोन दिवस जास्त जाते म्हणाल्या.

९. धुराड्यात आग लागली तर

आवाजावरून कळतं. पाइपातून घों घों असा मोठा आवाज, वरून ठिणग्या किंवा जाळ, पाइप तांबडा. काजळी पेटली की आतलं तापमान १००० अंशांच्या वर जाऊ शकतं.

सगळ्यांना बाहेर काढा, गॅसचा सिलिंडर जवळ असेल आणि सुरक्षित हलवता येत असेल तर लांब न्या. १०१ ला फोन करा, ११२ पण चालतो. चुलीतल्या जाळावर कोरडी माती किंवा राख टाका, चुलीचं तोंड आणि वैल पत्र्यानं झाका, म्हणजे हवा तुटते. पाइपवर किंवा वरून आत पाणी ओतायचं नाही, तापलेला पाइप तडकतो आणि वाफ अंगावर येते.

काही लोक मुद्दाम मोठा जाळ करून काजळी जाळून टाकायचा सल्ला देतात, पाइप आपोआप साफ होतो म्हणे. ते करू नका, ती वर सांगितलेली आगच आहे, फक्त आपण स्वतः लावलेली.

आग विझली तरी त्या दिवशी चूल परत पेटवू नका. पाइप पूर्ण थंड झाल्यावर उतरवून एकेक तुकडा उन्हात धरून बघा, कुठं वाकलाय, जोड उघडलाय, बारीक भोक पडलंय का. पत्र्याखालचे वासे हातानं चाचपा, आतून गरम लागले तर अग्निशामकवाल्यांना परत बोलवा, लाकूड आतल्या आत कित्येक तास धुमसत राहतं.